खालचा काप आधी

दाराची मूठ हातात आली तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की ही किती हलकी आहे. दिवसातून कितीदा धरायची ही, आणि वजन आज कळलं. मुठीमागची चौकोनी सळई मधोमध मोडली होती. उरलेला तुकडा दाराच्या भोकात, करंगळीही पोचणार नाही इतका आत. घरातली मोडलेली वस्तू आपण आधी जागच्या जागी ठेवून बघतो तशी तिने मूठ पुन्हा भोकाशी नेली आणि जरा दाबली. पलीकडे बाहेरची मूठ टण्णकन फरशीवर पडली आणि गडगडत कुठेतरी गेली. मग शांत झालं. मागे पलंगावर सासूबाई टॉवेलाची घडी घालत होत्या. घडी झाली की त्या ती मोडायच्या आणि पुन्हा घालायच्या. जेवणानंतर हे चालायचं, आणि तेवढ्या वेळात ती बाहेर जाऊन स्वतःचं ताट वाढून घ्यायची. आज ताट वाढायचं राहिलं, असं तिला वाटलं, आणि मग त्या वाटण्याच्या मागून, जिना चढून धापा टाकत कोणी यावं तसं, दुसरं आलं: दार उघडणार नाही.

"अहो," तिने हाक मारली. "अहो, जरा इकडे या."

नवरा घरीच होता, दुकानाच्या सुट्टीचा दिवस. चष्म्याचं दुकान होतं त्याचं. मोहरीएवढा स्क्रू गालिच्यावर पडला तरी हाताने चाचपून शोधून काढणारा माणूस. हे कुलूप त्यानेच बसवलं होतं. एका पहाटे सासूबाई कोणाला न सांगता चार मजले उतरून रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या, अनवाणी, कोणाची तरी वाट बघत. त्यानंतर तो दुपारभर या दारापाशी मांडी घालून बसला होता आणि शेवटी समाधानाने म्हणाला होता, "बघ, ओढून घेतलं की आपोआप लागतं. तुला काही करावं लागणार नाही." तेव्हापासून तिला खरंच काही करावं लागत नव्हतं. दार तिच्या मागे आपोआप लागायचं; उघडायला मूठ वर उचलून फिरवावी लागायची, ते सासूबाईंना उमजायचं नाही. खोलीतून टणक म्हणता येईल असं सगळं तिने एकेक करून बाहेर नेलं होतं, कारण सासूबाई हाताला लागेल ते फेकायच्या, आणि एकदा स्वतःच्याच कपाळावर स्टीलचा पेला मारून घेतला होता. आता खोलीत प्लॅस्टिकचा मग होता, मऊ दातांचा कंगवा, उशा, आणि चादरींचं एक कपाट. बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या, पण त्यांच्या पिना दोन्हीकडून ठोकून बसवलेल्या. कंगव्याने काय होणार? खिडकीला गज. गजांपलीकडे समोरच्या इमारतीची पाठ, पाण्याचे पाइप, एका गॅलरीत उलट्या टांगलेल्या दोन पँटी. हे सगळं तिला तोंडपाठ होतं.

नवऱ्याने भोकात पेचकस घालून पाहिला, पक्कड घालून पाहिली. तुकडा नुसता गरागरा फिरला. मग तो खांद्याने धडकला, दोनदा, आणि तिसऱ्यांदा धडकायच्या आधी "आई गं" म्हणाला. सासूबाईंना वाटलं त्यांना हाक मारली, त्या म्हणाल्या, "काय रे?" एरवी तिला हसू आलं असतं. किल्लीवाल्याला फोन केला, तो उद्या सकाळी येतो म्हणाला. बंबवाल्यांना केला, त्यांनी विचारलं आग आहे का, कोणी जखमी आहे का, मग एवढ्यात गाडी मोकळी नाही म्हणाले. नवरा हे सगळं दाराला तोंड लावून सांगत होता आणि ती दाराला कान लावून ऐकत होती, आणि तिला जाणवलं की इतक्या जवळून तो बऱ्याच दिवसांत बोललेला नाही.

"रात्र काढता येईल का?" त्याने विचारलं. "पाणी आहे ना बाथरूममध्ये? गोळ्या मी दाराखालून सरकवतो."

ती मागे वळली. सासूबाईंनी टॉवेल खाली ठेवला होता आणि दोन्ही तळवे गादीवर रोवून त्या जरा पुढे झुकल्या होत्या. ही बैठक तिला माहीत होती. ऊन पाइपांवरून खाली सरकलं की त्यांची छाती भरायला लागायची. आधी बारीक शिट्टी, दूर कुठेतरी कुकरची व्हावी तशी; मग ती शिट्टी जवळ जवळ यायची. वाफेचं मशीन बाहेर जेवणाच्या टेबलावर होतं, कारण या खोलीतला प्लग ठिणग्या मारायचा आणि तो दुरुस्त करायचं कधीपासून राहिलं होतं. रोज ती त्यांना धरून बाहेर न्यायची. मशीन काही दाराखालून सरकलं नसतं.

"नाही काढता येणार," ती म्हणाली. "शिट्टी सुरू झालीये."

बाहेर काहीच आवाज आला नाही. नवरा विचार करत असला की असाच नाहीसा व्हायचा. ती दाराकडे बघत उभी राहिली. गुळगुळीत, सपाट, करड्या रंगाचं दार. तिने बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं, वर, मध्ये, खाली. भरीव. आतून सलग भरलेलं, मध्ये पट्ट्या नाहीत, पोकळी नाही. जाडी सव्वा इंच असणार, फार तर दोन सूत जास्त. हे तिने पाहिलं आणि आपण काय पाहतोय ते तिच्या ध्यानात यायला एक क्षण गेला. कितीतरी वर्षांनी तिने दार हे लाकूड म्हणून बघितलं होतं.

"स्टूल घ्या," ती म्हणाली. "माळ्यावर सुटकेसच्या मागे निळी पेटी आहे. ती काढा."

"ती तुझी?"

"माझी."

स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "अगं, ते मला नाही जमायचं. मी आयुष्यात कधी करवत हातात धरली नाही. आणि तू आत आहेस."

"मला माहीत आहे मी आत आहे."

लग्नाआधी आणि लग्नानंतरही बरीच वर्षं ती एका कारखान्यात कापणीचं काम करायची. प्रदर्शनांचे मंडप, दुकानांचे काउंटर, दोन दिवस उभं राहून तिसऱ्या दिवशी मोडायच्या भिंती. पत्र्याच्या उंच छपराखाली प्लायवूडच्या थप्प्या असायच्या, गोंदाचा आणि तापलेल्या भुशाचा वास, आणि दिवसभर तो आवाज. सुरुवातीला दातांत जाणारा आणि नंतर, कधी ते कळलंही नाही, एक प्रकारची शांतता होऊन बसलेला. तिथले मिस्त्री तिला पट्टी म्हणायचे, कारण तिचा काप पट्टी लावल्यासारखा सरळ यायचा. मिस्त्री एका कानाने बहिरे होते आणि दुसऱ्या कानाने मशीन ऐकायचे. पाठ करून उभे असले तरी ओरडायचे, "पट्टी, रेटू नकोस, ती रडतेय." मोटारीचा सूर खाली आला की आपण जास्त ढकलतोय, किंवा लाकूड पात्यावर मिटतंय. सूर वर गेला की आपण वाऱ्यात आहोत, लाकडात नाही. एवढं त्यांनी शिकवलं आणि बाकीचं करवतीने. मग सासूबाई विसरायला लागल्या. आधी गॅस, मग घराचा नंबर, मग तिचं नाव. थोडे दिवस सुट्टी घे, असं कोणीच म्हणालं नव्हतं. नवराही नाही. ती स्वतःच म्हणाली होती, थोडे दिवस. मिस्त्रींनी तिच्या जागेवर कोणालाच उभं केलं नव्हतं म्हणे, बरेच महिने. मग केलं.

पेटीची कडी उघडल्याचा आवाज तिने दारातून ओळखला. ती कडी एका बाजूने जरा वाकडी होती आणि आधी कुरकुरायची.

"प्लग लावला का?" तिने विचारलं.

"लावतोय."

"लावू नका. मी सांगेपर्यंत वायर हातात सुद्धा घेऊ नका. आधी पात्याकडे बघा. दाते कुठल्या बाजूला बघतायत? समोर धरलीत तर पुढचे दाते वर जातायत ना?"

"वर. आणि हे खालचं झाकण हलतंय."

"हलायलाच हवं. मागे ओढा आणि सोडा. खटकन परत येतं?"

"येतं. जरा आळसावून येतं."

"भुसा अडकलाय. फुंकर मारा. ब्रश आहे पेटीत. ते खटकन आलं पाहिजे, नाहीतर आपण सुरूच करायचं नाही." ती थांबली. त्या ब्रशचे केस एका बाजूने झिजलेले असणार, तिच्या अंगठ्याच्या बाजूने. बाहेर तो फुंकर मारत होता, चष्म्याच्या काचेवर मारतो तशी, लहान लहान, नेमकी. मग खट. पुन्हा खट. चांगला आवाज होता.

स्वयंपाकघराचं दार याच जातीचं होतं. त्याची कड मोजून त्याने जाडी सांगितली, पस्तीस मिलिमीटर. पातं त्याहून एक दातभरच जास्त बाहेर काढायचं, तिने सांगितलं. जास्त नाही, कारण जेवढं पातं जास्त, तेवढं ते आत, माझ्याकडे येणार. मग तिने त्याला चौकोन काढायला लावला. कुलपापासून दूर, दाराच्या खालच्या अर्ध्यात, जमिनीपासून वीतभर वर. रुंदी माणसाचे खांदे जातील एवढी. रेघेवर करवत हाताने चालवायची नाही. बाजूला लाकडी पट्टी ठोकायची आणि मशीनचा तळ तिला घासत न्यायचा. पण पट्टी रेघेवर नाही. पात्यापासून तळाच्या कडेपर्यंत जेवढं अंतर, तेवढी रेघेपासून लांब.

"दात रेघेच्या आत पडायला हवा का बाहेर?" त्याने विचारलं.

तिला बरं वाटलं. हा प्रश्न शिकाऊ माणूस विचारत नाही, तो नुसतं कापतो. "आत. चौकोन वाया जाणारा आहे, दार राहणार आहे. किती आलं अंतर?"

"सदतीस पूर्णांक..."

"पूर्णांक नको. सुतात सांगा."

"सूत म्हणजे?"

"तीन मिलिमीटर धरा."

"अगं, तीन मिलिमीटरची चूक केली तर माझ्याकडे माणूस आंधळा होऊन जाईल," तो म्हणाला, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना ते दोघं जरासं हसले. सासूबाईंनी मान वर करून पाहिलं. कोण आलंय, त्यांनी विचारलं. शब्दांमध्ये त्यांना श्वास घ्यायला लागत होता. आता शिट्टी खोलीत होती. तिने त्यांचा पलंग, त्यांच्यासकट, भिंतीपर्यंत ढकलला, त्यांच्या पाठीशी तीन उशा लावल्या आणि स्वतः मध्ये, पलंग आणि दार यांच्यामध्ये, उकिडवी बसली.

"खालचा काप आधी," ती म्हणाली. "मग दोन उभे. वरचा सगळ्यात शेवटी."

"का?"

"कारण वरचा आधी घेतला तर शेवटी सगळं लाकूड पात्यावर बसेल आणि ते धरून ठेवेल. वरचा शेवटी घेतला की लाकूड खाली जातं, फट उघडते. पातं मोकळं राहतं." मिस्त्रींनी तिला हे एका शब्दात सांगितलं होतं. लाकडाकडे बोट दाखवून म्हणाले होते, मिटेल. तिला ते त्या दिवशी कळलं नव्हतं. संध्याकाळी घरी जाताना, रस्ता ओलांडता ओलांडता कळलं.

बाह्या वर करा. घड्याळ काढा. माझा गॉगल लावा, तुमच्या चष्म्यावरून. वायर खांद्यावरून मागे टाका. पात्याच्या मागे बसू नका, बाजूला बसा. उसळली तर ती आली त्या वाटेने परत येते, त्या वाटेवर तुम्ही नको. आणि दोन हात. काहीही झालं तरी दोन हात. एकेक सांगताना तिच्या लक्षात आलं की तिचे स्वतःचे हात वर आलेत. उजवा मागच्या मुठीवर, डावा पुढच्या, हवेत. तिने ते खाली केले नाहीत. मग तिने प्लग लावायला सांगितलं.

आवाज आला आणि सासूबाई किंचाळल्या. तिने एका हाताने त्यांचा पाय धरला, नजर मात्र दारावरच ठेवली. करवत अजून वाऱ्यात होती, सूर वर, पूर्ण वेगात. आता, ती मनात म्हणाली, आणि जणू तिनेच ठेवली तशी ती लाकडाला भिडली. सूर उतरला, सावरला. पुढची कड टेकवून हळूहळू आत उतरवायची. तो उतरवत होता, फार हळू, भित्रा असल्यासारखा, पण हात हलत नव्हता. आणि मग करड्या रंगावर एक केस उमटला. केसाचा ओरखडा झाला, ओरखड्यातून पिवळा भुसा भुरभुरला, आणि दाते आत आले. एकच धूसर चमकती कड, नखाएवढी. त्यामागे उजेडाची रेघ सरकत गेली. जमिनीपासून वीतभर वर, डावीकडून उजवीकडे, पट्टी लावल्यासारखी. भुशाचा वास आला होता.

"बटण सोडा. उचलू नका! पातं थांबू दे. थांबलं? आता उचला."

"झालं?" त्याचा आवाज वेगळा होता. "अगं, झालं ते!"

"एक झालं."

पहिला उभा काप घेताना तो मोकळा झाला होता. तिला ते ऐकू आलं. एका कापाने माणूस मोकळा होतो, तीच वेळ वाईट. उजेडाची रेघ वरून खाली यायला लागली आणि अर्ध्यावर येऊन जराशी, सूतभर, बाहेर झुकली. मशीन पट्टीपासून सुटलं होतं. थांबव, ती ओरडली, पण आवाजात ओरडणं गेलं. सूर खाली गेला, आणखी खाली, गळा आवळल्यासारखा. तो रेषेवर परत आणायला करवत वळवत होता. लाकडातच वळवत होता.

"अरे सोड! बटण सोड! वळवू नकोस, सोड!"

धाड असा आवाज झाला, दार हादरलं, काहीतरी फरशीवर आपटलं. आणि शांत.

त्या शांततेत ती किती वेळ होती ते तिला नंतर सांगता आलं नसतं. उजेडाची रेघ अर्धवट लटकत होती. तिने गाल फरशीला लावून खालच्या फटीतून बघायचा प्रयत्न केला. भुसा दिसला, पट्टीची सावली दिसली, माणूस दिसला नाही. आणि तिला कळलं की आपल्या मनात आधी करवत आली. तिचा तळ वाकला असेल, असं आधी आलं, आणि मग त्याचे हात. आधी ते आणि मग हे. कोणी विचारणार नव्हतं, कोणाला कळणार नव्हतं, पण क्रम तोच होता. तिला स्वतःचा राग यायला हवा होता. तोही लगेच आला नाही. चार भिंतींच्या आत माणूस असा होतो का, की आपल्या माणसाच्या हातांआधी आपली वस्तू आठवावी? की ती आधीपासूनच अशी होती आणि दाराने फक्त दाखवून दिलं? मागे सासूबाईंची शिट्टी चालू होती, आत एक, बाहेर एक.

"ऐकतोयस का?" ती म्हणाली. "बोल काहीतरी."

"आहे," तो म्हणाला. आवाज खालून येत होता, तो बसला होता. "अंगठा मुरगळलाय. बाकी आहे सगळं. झाकण बंद झालं तिचं."

"दोन्ही हात होते?"

"होते. तू म्हणालीस म्हणून होते." करवत फरशीवर बाजूला सरकवल्याचा आवाज आला. "माझ्याच्याने नाही होणार. मी परत फोन करतो त्यांना, रडतो, पाया पडतो. ही वस्तू मी परत हातात धरणार नाही. तू रोज हे करायचीस?"

"रोज."

"मी कधी बघितलंच नाही."

"कधी आला नाहीस."

मग म्हणाला, "तू मला अरे म्हणतेयस."

तिने ते ऐकलं आणि तिला ते खरं वाटलं नाही, मग आठवलं. कारखान्यात सगळे एकमेकांना अरेतुरे करायचे. करवत चालू असताना अहो म्हणायला वेळ नसतो. "कामावर असंच बोलतात," ती म्हणाली. आणि तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण दार मध्ये होतं, आणि त्याचं तोंड दिसत नव्हतं. "परवा तुझे मित्र आले होते. तू त्यांना सांगितलंस, हिला घरीच आवडतं."

"तू काही बोलली नाहीस तेव्हा."

"मी आत होते."

पलंगावर सासूबाई खोकायला लागल्या, कोरडं, पोकळ. प्रत्येक खोकल्यानंतर त्या दोन्ही हातांनी हवा पकडत होत्या. हे त्यालाही ऐकू गेलं असणार, कारण तो उठला. गुडघा वाजला त्याचा. "सांग," तो म्हणाला.

"प्लग काढ आधी. पातं बघ, दात गेलाय का. गेला नाही? बरं. आता जिथे वाकडं गेलं त्याच्या अलीकडे, सरळ भागात परत ठेव. फटीत पातं बसव, मग दातांनी लाकूड सोडलंय ना ते बघ, आणि मग प्लग, मग बटण. भरकटलीस... भरकटलास तर ओढून आणायचं नाही. थांबायचं, मागे यायचं, परत निघायचं. वाकडं झालं तर होऊ दे. दार आहे ते."

त्याने केलं. दुसरा उभा, मग वरचा, आता फार बोलावं लागलं नाही. चारही कोपरे आतून थोडे जुळलेले राहिले होते, कारण गोल पातं कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. ते त्याने पेटीतल्या हातकरवतीने तोडले, आणि चौकोन आत, तिच्या पायांपाशी आडवा झाला. चौकोनात त्याचं तोंड होतं. गॉगल, गॉगलच्या आत चष्मा, भुवया पिवळ्या झालेल्या. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, ओळख पटायला वेळ लागावा तसे.

"मशीन," ती म्हणाली. "वाफेचं. लांब वायर लावून."

वायर पुरावी म्हणून तिने पलंग पुन्हा दाराजवळ ओढला. मास्क चढला, वाफ आली, सासूबाईंचे खांदे हळूहळू खाली उतरले. तेव्हाच तो म्हणाला, तू ये आता बाहेर. ती फरशीवर पालथी झाली आणि डोकं घातलं, खांदे घातले, कमरेपर्यंत बाहेर आली. बोळातली फरशी गार होती. मग मागे तिचा पाय धरला गेला. घोट्याच्या वर, पाच बोटं. सासूबाई पलंगाच्या कडेवर येऊन, मास्क तसाच तोंडावर, वाकून तिला धरून बसल्या होत्या. बोटं सुकलेली, पण त्यांचा जोर तिला माहीत होता. ती ओढली असती तर त्या पडल्या असत्या.

"आई, सोड तिला," तो म्हणाला. "सोड गं."

सोडलं नाही. ती तशीच पडून राहिली, अर्धी आत, अर्धी बाहेर, गाल फरशीवर, कापलेली कड कमरेत रुतलेली. समोर बोळाच्या टोकाला दिवाणखान्याचा तुकडा दिसत होता, खुर्ची, खुर्चीवर त्याचं उघडं वर्तमानपत्र. किती जवळ होतं ते. तिला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. मग ती सावकाश, इंच इंच, मागे सरकली. परत खोलीत.

"तू आत ये," ती म्हणाली.

"मी?"

"खांदे आत घाल आधी. डावा पुढे."

तो आत आला, धडपडत, चष्मा सावरत. तिने त्याला पलंगावर आईशेजारी बसवलं, त्याचं मनगट घेतलं आणि आपल्या घोट्यावरची बोटं एकेक सोडवत त्या मनगटावर बसवली. सासूबाईंनी ती घट्ट मिटली. त्यांना फरक पडला नाही, किंवा पडला असेल. तो मनगटाकडे बघत राहिला. ती खाली वाकली आणि चौकोनातून बाहेर गेली.

बोळभर भुसा होता. करवत भिंतीशी उभी होती, प्लग काढलेला, वायर नीट गुंडाळलेली. हे तिने सांगितलं नव्हतं. तिने तळ तपासला. वाकला नव्हता. दाराच्या कडेवरून तिने बोट फिरवलं. तीन काप स्वच्छ, एक मध्येच दचकलेला. मग ती घरातून चालत गेली, काही न उचलता, काही जागेवर न ठेवता. धूळ जावी म्हणून जिन्याकडचं दार उघडलं, आणि उघडलंच आहे तर बाहेर आली, आणि आलीच आहे तर पहिल्या पायरीवर बसली. खालच्या मजल्यावर राहणारी नर्स ड्यूटीवरून आलेली, आवाज ऐकून तशीच वर चढत होती, हातात पिशवी. तिच्या केसांतला भुसा पाहून नर्स जागीच थांबली.

"अगं, कसला आवाज येत होता मघापासून? कोणी अडकलंय का?"

"हो," ती म्हणाली. "माझा नवरा. आणि त्याची आई."

नर्स तिच्याकडे बघत राहिली. "आणि तू इथे बसलीयेस?"

तिला ते विचारणं बरोबर वाटलं. उत्तर शोधायला हवं होतं. आतून खोकल्याचा आवाज आला, ओला, सुटलेला. हा चांगला खोकला, छाती मोकळी होताना येणारा. पण त्याला ते कसं कळणार? त्याची हाक आलीच, चौकोनातून, बोळातून, सगळ्या घरातून वळत.

"अगं, ही फार खोकतेय! आता काय करायचं?"

"पाठीवर हात फिरव," ती बसल्या जागेवरून ओरडली. "खालून वर."

"किती वेळ?"

"थांबेपर्यंत."

थोडा वेळ गेला. नर्स पिशवी या हातातून त्या हातात घेत उभीच होती. "रोज असंच असतं का गं हिचं, या वेळेला?" त्याने आतून विचारलं. आवाज हळू होता, तिला जेमतेम ऐकू आला.

"रोज," ती म्हणाली. तिचाही आवाज त्याच्यापर्यंत गेला की नाही कोण जाणे.

"येतेस ना?"

"आले," ती म्हणाली, आणि बसून राहिली.